फिरंगी पातं, दख्खनी मूठ : जुनं हत्यार अस्सल की नकली, हे ओळखायचं कसं?

‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून आले, वाटेत फारसी आणि उर्दूचं बोट धरून. ‘असल’ म्हणजे मूळ, मुळी. ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, आणि त्यावरून उतरवून काढलेली प्रत. म्हणजे नक्कल ही मुळात शिवी नव्हती. कागदाची नक्कल आजही तहसीलमध्ये मिळते आणि ती कायदेशीर असते. नक्कल स्वतःला अस्सल म्हणवू लागली की मगच ती फसवणूक होते. जुन्या हत्यारांच्या बाजारात नेमकं हेच चालतं, म्हणून हा लेख.

माकणी हे लोहारा तालुक्यातलं गाव. लोकांना ते निम्न तेरणा धरणामुळे ठाऊक आहे. पण इथून दक्षिणेला नळदुर्ग, वायव्येला बरंच पुढे परांडा, उत्तरेला औसा, पूर्वेकडे बीदर अशी किल्ल्यांची माळच आहे. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही, मोगल, मराठे, आसफजाही असे सगळे या पट्ट्यातून गेले आणि जाताना हत्यारं मागे ठेवून गेले. जुन्या वाड्यात, गढीत, एखाद्या दर्ग्याच्या किंवा देवळाच्या खुंटीला अजूनही एखादं पातं लटकलेलं दिसतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे अशा पात्यांवरची अक्षरं वाचून देण्यासाठी लोक मोबाइलवर फोटो पाठवतात. प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो : “सर, ही किती जुनी? विकली तर किती येतील?” अलीकडे त्याच्या उलट प्रश्नही येतो : “एक जण विकतोय, घेऊ का?”

याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. पण कसं तपासायचं याची रीत सांगता येते.

जर्मनीचं पोलाद दख्खनमध्ये

आधी एक गोष्ट पक्की करू. दख्खनमधल्या कित्येक नामांकित तलवारींचं पातं इथलं नाहीच. मराठीतला ‘फिरंग’ हा तलवारीसाठीचा शब्दच ते सांगतो. फ्रँक म्हणजे युरोपीय, त्याचं अरबी-फारसीत झालं ‘फरंगी’ आणि आपल्याकडे ‘फिरंगी’. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या आणि नंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गोवा, चौल अशा बंदरांवर सरळ, लांब, लवचीक पाती उतरत. इथले कारागीर त्यांना दख्खनी मूठ चढवत. हाताला वाटीसारखं संरक्षण, मुठीच्या मागे दुसऱ्या हातानं धरता येईल असा दांडा आणि पात्याच्या बुडाशी रिबिटांनी बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, ही फिरंगीची ओळख. दांडपट्ट्यालाही अशी पाती लावत.

यातली बरीच पाती जर्मनीतल्या झोलिंगन गावची. वुप्पर नदीच्या काठचं हे गाव मध्ययुगापासून पाती घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. अरबीत जर्मनीला अलमानिया म्हणतात. एगर्टन या इंग्रज अभ्यासकानं १८८० साली लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या हत्यारांची सूची छापली, तीत ‘अलेमानी’ नावाचा तलवारीचा प्रकार नोंदला आहे. तेव्हा जर्मन हत्यार आणि हिंदुस्थानी गिऱ्हाईक हे नातं बंदुकांच्याही बरंच आधीचं आहे.

आता बाजाराकडे पाहा. एखाद्या पात्यावर धावत्या लांडग्याची कोरीव खूण दिसली की विकणारा म्हणतो, “अस्सल जर्मन!” हा लांडगा मुळात झोलिंगनचा नव्हे, पासाऊ या दुसऱ्या गावचा. पासाऊच्या पात्यांना मान होता म्हणून झोलिंगनवाल्यांनी तीच खूण उचलली. इटलीच्या आंद्रेआ फेरारा या कारागिराचं नावही त्यांनी असंख्य पात्यांवर घातलं, आणि टोलेडोच्या साहागुनसारख्या स्पॅनिश कारागिरांची नावंही. पुढे आपल्याकडचे लोहार काय कमी होते? त्यांनी युरोपीय पात्यांवरच्या विळ्यासारख्या दातेरी खुणा इथल्या पात्यांवर मारल्या. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच नकलेची नक्कल झालेली होती. अशी नकली खूण असलेलं पातंही आज तीनशे वर्षांचं जुनं असू शकतं. म्हणून पहिला नियम : खूण ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. तिची जबानी इतर साक्षींशी ताडून पाहायची.

अक्षरं वाचताना

दुसरी साक्ष अक्षरांची. इथे माझ्या विषयाचा संबंध येतो. फारसी लिपीतली चार अक्षरं दिसली की विकणारा किंमत दुप्पट करतो, कारण घेणाऱ्याला ती वाचता येत नाहीत.

सगळ्यात जास्त दिसणारा मजकूर म्हणजे ‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’, म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाहची कारागिरी. सोबत पुष्कळदा इराणचा शाह अब्बास याचं नाव असतं. शाह अब्बास पहिला याची कारकीर्द १५८७ ते १६२९. पण या सहीची पाती इतकी आहेत आणि त्यांवरची सालं इतकी लांब पसरलेली आहेत की एका माणसाचं आयुष्य त्यांना पुरणार नाही. ती सही नाव न राहता दर्जाचा शिक्का झाली होती, आणि हिंदुस्थानातही ती सर्रास घातली जाई. तेव्हा ‘असदुल्लाह’ दिसलं म्हणून तलवार इराणच्या शाहची ठरत नाही.

साल असेल तर गणित करा. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. ढोबळ हिशेब असा : हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ मुळात परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली ती विजापूरला नेली गेली. वजन सुमारे ५५ टन, तोंड जबडा पसरलेल्या श्वापदाचं. तिच्यावर ९५६ हिजरी साल आणि ओतणाऱ्या मुहंमद बिन हसन रूमीचं नाव आहे. ९५६ गुणिले ०.९७ म्हणजे ९२७, त्यात ६२२ मिळवले की १५४९. म्हणजे तोफ अहमदनगरच्या निजामशाहीतली. पण त्याच तोफेवर १०९७ हिजरीचा, म्हणजे १६८६ च्या सुमाराचा औरंगजेबाचाही लेख आहे, कारण तेव्हा त्यानं विजापूर जिंकलं. फक्त दुसरा लेख वाचणारा ही तोफ मोगलांनी ओतली असं म्हणेल आणि १३७ वर्षांनी चुकेल.

यातून दुसरा नियम : लेखावरून लेख कधी कोरला ते कळतं, वस्तू कधी झाली ते नव्हे. मालक बदलला की नाव बदलतं. तलवारींचंही असंच झालं. पातं झोलिंगनचं, मूठ दख्खनची, सोन्याचा लेख तिसऱ्याच मालकाचा, म्यान परवाचं. यात फसवणूक काही नाही, हे वस्तूचं खरंखुरं आयुष्य आहे. विकणाऱ्यानं ते लपवून सगळं एकाच काळाचं सांगितलं, तर मात्र फसवणूक.

हैदराबाद संस्थानातल्या कागदांवर बऱ्याचदा फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. फसलीला हिजरी समजून हिशेब केला की उत्तर १९३८ च्या आसपास येतं आणि सगळी हकीकत दहा वर्षांनी सरकते.

लोखंड काय सांगतं

आता हातात घेऊन पाहायच्या गोष्टी.

पहिली, पात्याची जाडी. खऱ्या लढाऊ पात्याची जाडी मुठीपाशी जास्त असते आणि टोकाकडे हळूहळू कमी होत जाते. त्यामुळेच ते हातात हलकं वाटतं. शोभेची तलवार एका जाडीच्या पत्र्यातून कापलेली असते, टोकापर्यंत सारखीच. अशी तलवार उचलली की पुढचं टोक खाली ओढतं.

दुसरी, मूठ. आपल्याकडे पात्याची शेपटी मुठीत लाख ओतून बसवत. मुठीच्या तोंडाशी जुनी, कडक, काळपट लाख दिसते. तिथे वेल्डिंगचा टाका किंवा चकचकीत नट दिसला तर पुढे बोलायचं कारण नाही. जुन्या तलवारींच्या मुठी आजच्या पंजाला आखूड वाटतात. नकलेची मूठ ऐसपैस असते, कारण ती आजच्या गिऱ्हाइकासाठी केलेली असते.

तिसरी, गंज. जुना गंज थरांचा, तपकिरी-काळा, आणि जागोजागी वेगळा असतो. जिथे हात लागतो तिथे कमी, जिथे म्यानात ओल धरते तिथे जास्त. आम्ल किंवा मीठ लावून आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा दिसतो.

चौथी, सोन्याचं काम. खऱ्या कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यावर सोन्याची तार ठोकतात. भिंग लावून सोनं झिजलेल्या जागी पाहा, खाली त्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. नुसता मुलामा असेल तर खाली गुळगुळीत लोखंड असतं.

पाचवी, फौलादाच्या लाटा. उत्तम देशी पोलादावर पाण्यासारखी नक्षी दिसते आणि ती धातूच्या आतून येते. आम्लानं वरवर उमटवलेली नक्षी ठरावीक अंतरानं जशीच्या तशी परत येते, छापील कापडासारखी.

आणि एक विनंती. हे तपासताना पात्याला वाळू, लिंबू, चिंच, पॉलिश काहीही लावू नका. झळाळी आणायच्या नादात लोक दोनशे वर्षांची साक्ष एका दुपारी पुसून टाकतात.

बंदुकीचा नंबर

तलवारीला नंबर नसतो, कारखान्यात झालेल्या बंदुकीला असतो. जर्मन बंदुका जमवणारे जगभरचे शौकीन याच नंबरांवर भांडतात. जर्मन सैन्यानं १९३५ साली स्वीकारलेली ‘कार ९८ के’ ही माउझर रायफल पाहा. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ती १ कोटी ४० लाखांहून अधिक संख्येनं तयार झाली. तिच्या डोक्यावर कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि साल असे. ‘बीवायएफ’ म्हणजे ओबेर्नडोर्फचा माउझर कारखाना. गरुडाच्या छोट्या शिक्क्याबरोबर सरकारी तपासनीस कचेरीचा क्रमांक असे, आणि बंदुकीचा नंबर नळी, सांगाडा, खटक्याचा दांडा, लाकूड अशा बऱ्याच भागांवर मारलेला असे. सगळे नंबर जुळले तर किंमत कितीतरी पट.

म्हणूनच नकलाही तिथेच होतात. युद्धात सोव्हिएत फौजांनी लाखो जर्मन रायफली पकडल्या, नंतर सुट्या करून साफ केल्या आणि हाताला येतील ते भाग जोडून ठेवल्या. जुन्या नंबरावर रेघ मारून नवा नंबर कोरला. हे उघड काम, त्यात लबाडी नव्हती. नंतरच्या व्यापाऱ्यांनी मात्र तेच नंबर घासून पुन्हा ठोकले आणि ‘जुळती’ म्हणून विकले. पकडायचं कसं? कारखान्यात नंबर आधी ठोकत आणि काळा रंग नंतर चढवत, म्हणून खऱ्या अंकाच्या खाचेतही तोच काळा रंग असतो. नंतर ठोकलेल्या अंकाच्या कडेला धातू वर उचललेला दिसतो, खाच पांढरी असते किंवा तिच्यातला रंग वेगळा असतो. आजूबाजूची जागा किंचित खोलगट लागते, कारण तिथे कानस फिरलेली असते. अंकांचं वळणही पाहावं. एका कारखान्याचे ठसे एका वळणाचे असतात.

नंबरांची ताकद आपल्या इतिहासातही दिसते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंद होती. पुढे बंगालमध्ये जिथे-तिथे पिस्तूल सापडलं, तिथे ते त्या पन्नासांतलं आहे की नाही हे वही उघडून सांगता आलं. क्रांतिकारकांना ते महागात पडलं. पण पुराव्याचा धडा स्पष्ट आहे : वस्तूवरचा नंबर आणि दुसऱ्या माणसाच्या हातची वही, दोन्ही जुळले की मगच ओळख पटते.

आपल्याकडच्या तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांना असे कारखान्याचे नंबर क्वचितच. तिथे नळीची घडण, लाकडाची झीज आणि कागद हेच खरे.

कागद आणि सनद

शेवटची आणि सगळ्यात मोठी साक्ष म्हणजे वस्तूचा प्रवास. ही कोणाकडून कोणाकडे आली? हदीसच्या अभ्यासात मजकुराआधी ‘सनद’ तपासतात : कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, मधली कडी तुटली आहे का. हत्याराचीही तशीच सनद हवी.

तीन प्रसिद्ध उदाहरणं. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. पातं युरोपीय, मूठ सोन्याच्या कामाची, आणि पात्यावर देवनागरीत रघुजींचं नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. म्हणजे तलवारीनं आपली जात स्वतःच सांगितली. नाव, किताब, घडण आणि काळ एकमेकांना दुजोरा देतात.

दुसरं, लंडनच्या राजसंग्रहातली कोल्हापूरची ‘जगदंबा’ तलवार. ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली. तिचंही पातं युरोपीय, आणि त्यावर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरं.

तिसरं, जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखं. ती ज्या पेटीत आहेत तिच्यावर, ग्रँट डफला ती मिळाल्याचा मजकूर आहे. पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं की हीच ती अफझलखानाच्या वेळची, हे सिद्ध करता येत नाही. एवढ्या मोठ्या संग्रहालयाला ‘सिद्ध करता येत नाही’ म्हणताना कमीपणा वाटत नाही, मग आपल्या बाजारातला प्रत्येक जण छातीठोक कसा?

आपल्या भागात ही सनद दोनदा तुटली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्यानं नळदुर्ग घेतलं आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी हिंदू गावं लुटली होती. त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरलं, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळल्याचं पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं. दोन्हीकडची घरं जळली आणि घरांबरोबर सनदा, परवाने, वंशावळीही. दुसऱ्यांदा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या मातीच्या भिंती एका पहाटेत बसल्या. माणसंच गेली तिथे वस्तूंची आठवण कोण ठेवणार?

म्हणून ‘कागद नाही’ एवढ्यावरून आपल्याकडची वस्तू खोटी ठरवू नये. पण त्या रिकाम्या जागेत कोणी हवी ती गोष्ट भरत असेल तर ती निमूट मानूही नये. ही भरती कशी होते ते मी पाहतो. पात्यावर फारसी अक्षर असलं की ‘रझाकाराची तलवार’, नसलं की ‘मावळ्याची तलवार’. मग एकीचे फोटो भीती दाखवायला फिरतात, दुसरीचे मिरवणुकीला. प्रत्यक्षात फारसी अक्षरं मराठा सरदारांच्या हत्यारांवर आहेत, येशूचं नाव कोल्हापूरच्या तलवारीवर आहे, आणि पातं जर्मन लोहाराचं आहे. हत्याराला धर्म चिकटवणं ही सुद्धा एक नक्कलच आहे, आणि सगळ्यांत महाग पडणारी.

घेण्याआधी, विकण्याआधी

व्यवहाराचं थोडक्यात. बंदूक जुनी असली तरी बंदूकच असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा जुनाट हत्याराला. ठासणीची बंदूक ‘शोभेची’ म्हणून परस्पर विकत घेतली तर पोलीस केस होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलवारींबाबतही जागोजागी निर्बंध असतात. व्यवहाराआधी पोलीस ठाण्यात आणि पुरातत्त्व खात्यात विचारलेलं बरं.

विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. कोणत्या गावची? कोणाच्या घरची? त्या घरी जाऊन विचारता येईल का? आणि ‘नक्की कोणाची ते माहीत नाही’ असं पावतीवर लिहून द्याल का? चौथ्या प्रश्नाला प्रामाणिक माणूस हो म्हणतो.

आणि ज्यांच्या घरी असं हत्यार आहे त्यांनी भंगारवाल्याला किंवा फिरत्या दलालाला दाखवण्याआधी एवढं करावं : दोन्ही बाजूंचे, मुठीचे आणि अक्षरांचे फोटो काढा, लांबी मोजा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारून त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा. दादी, नानी, आजोबा जे सांगतील ते. तुटलेल्या सनदेची तेवढी एक कडी आपण आज जोडू शकतो. अक्षरं वाचता आली नाहीत तर मला पाठवा. वाचून देईन. किंमत मात्र विचारू नका.